फ्लटरचं होईल ते होईल, देखभाल कोण करणार?

फ्लटर म्हणजे एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं गूगलचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा; डार्ट ही त्याची भाषा. २०२४ च्या एप्रिलअखेरीस गूगलनं फ्लटर, डार्ट आणि पायथॉन या चमूंतली काही माणसं कमी केली. कंपनीच्या वार्षिक परिषदेला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. फ्लटर कुठंही जात नाही, असा खुलासा त्या चमूतल्या लोकांनी तातडीनं केला. पण मे महिन्यात त्याच परिषदेत गूगलनं कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मला, म्हणजे तशाच कामाच्या दुसऱ्या साधनाला, जाहीर पाठिंबा दिला आणि शंकेला पाय फुटले. ऑक्टोबरमध्ये फ्लटर चमूतल्या एका माजी सदस्यानं 'फ्लॉक' नावाची वेगळी शाखा, म्हणजे त्याच कोडची स्वतंत्र चालवलेली प्रत, काढली. त्याची तक्रार साधी होती: वापरणारे लाखोंनी वाढले, दुरुस्ती करणारे हात मात्र मूठभरच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये डार्टमधल्या मॅक्रोचं (कोड आपोआप लिहून देणाऱ्या सोयीचं) बरीच वर्षं चाललेलं काम सोडून दिल्याचं जाहीर झालं.

एवढ्या चार बातम्या पुरेशा झाल्या. छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्यातल्या क्लासमध्ये, नांदेडच्या हॉस्टेलवर, लातुरात नुकतं ऑफिस थाटलेल्या दोघा-तिघांच्या गाळ्यात एकच चर्चा. "सर, फ्लटर बंद पडायलंय म्हणं. रिॲक्ट नेटिव्हची बॅच लावू का?" रिॲक्ट नेटिव्ह हे फ्लटरचं स्पर्धक. विचारणाऱ्या पोरानं सहा महिन्यांची फी भरलेली असते आणि बहुतेक वेळा ती बापानं सोयाबीन विकून दिलेली असते. त्यामुळं त्याच्या घाबरण्याला हसू नये.

त्याला दोन तयार उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, मागं गूगल आहे, काही होत नाही. दुसरा गट गूगल रीडर, गूगल प्लस, स्टेडिया अशी गूगलनंच मूठमाती दिलेल्या वस्तूंची यादी वाचून दाखवतो. दोन्ही उत्तरं कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या तरी मनात काय शिजतंय याच्या अंदाजावर उभी आहेत. तो अंदाज बांधत बसण्यात हशील नाही. फ्रेमवर्क जातातच, कुणी दहा वर्षांत, कुणी वीस वर्षांत. ते गेलं की नुकसान कुणाच्या डोक्यावर बसतं, हे मात्र आपल्या हातात असतं, आणि ते ठरतं काम घेताना कागदावर सह्या होतात त्या दिवशी. आपल्याकडच्या त्या कागदावर सध्या या विषयाचं अक्षरही नसतं. माझं भांडण फ्लटरशी नाही, त्या कोऱ्या जागेशी आहे.

फ्रेमवर्क मरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी बघू. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये झॅमरिन हे फ्लटरसारखंच फ्रेमवर्क विकत घेतलं आणि त्याच वर्षी ते एमआयटी परवान्याखाली खुलं केलं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वापरायला मोकळा झाला. २०२२ मध्ये त्याच्या जागी डॉटनेट माउई आणलं. १ मे २०२४ ला झॅमरिनचा आधार अधिकृतपणे संपला. त्या दिवशी जगातलं एकही ॲप बंद पडलं नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये सगळं जसंच्या तसं चालत होतं. पण झॅमरिननं गाठलेली शेवटची पायरी होती अँड्रॉइड १४, म्हणजे एपीआय ३४ (एपीआय हा अँड्रॉइडच्या पायरीचा आकडा). गूगल प्लेचा नियम असा की दरवर्षी ऑगस्टअखेर किमान पायरी एकानं वर सरकते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं ॲप किंवा जुन्या ॲपची नवी आवृत्ती चढवायची तर एपीआय ३५ लागतं. म्हणजे झॅमरिनमधलं ॲप चालू राहिलं, पण त्यातली एक ओळ बदलून प्लेवर चढवायची सोय संपली. जीएसटीचा दर बदलला, नवी शाखा निघाली, एखादी चूक सापडली, काहीही झालं तरी ॲप आहे तिथंच गोठलं. मरण असं येतं. घोषणेच्या दिवशी कुणाला काही होत नाही, दोन पावसाळ्यांनंतर प्लेच्या दुकानाच्या दारात अडवतात.

आणि बऱ्याचदा फ्रेमवर्क ठणठणीत असतानाही हे होतं. हा भाग चर्चेत येतच नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

पतसंस्थेचा पिग्मी एजंट घ्या. सकाळी चहाच्या टपरीपासून सुरुवात, मग पानवाला, भाजीवाली, सायकलच्या पंक्चरवाला. प्रत्येकाकडून पन्नास-शंभर रुपये. खिशात मोबाइल, कमरेला ब्लूटूथचा छोटा प्रिंटर. ॲपमध्ये खातं निवडायचं, रक्कम टाकायची, की कागदाची बोटभर पावती बाहेर येते. पावती आली तरच भाजीवालीचा विश्वास बसतो. मेसेज आला म्हटलं तर ती मोबाइल शोधत बसत नाही. हे ॲप फ्लटरमध्ये लिहिलेलं आहे, चार-पाच वर्षांपूर्वी. लिहिणारा पोरगा आता हिंजवडीत नोकरीला आहे, दिवाळीला गावी येतो, फोन उचलतो पण वेळ नाही म्हणतो.

एक दिवस संस्थेच्या संचालक मंडळानं ठरवलं की पावतीवर शिल्लकही छापायची. दोन ओळींचं काम. ते माझ्याकडं आलं. बदल केला, प्लेवर चढवायला गेलो, तर ॲपचं लक्ष्य असलेली अँड्रॉइडची पायरी जुनी म्हणून नकार. पायरी वाढवली, तर ब्लूटूथ बंद: अँड्रॉइड १२, म्हणजे एपीआय ३१ आणि पुढचं लक्ष्य ठेवलेल्या ॲपला जवळच्या उपकरणाशी जोडायची परवानगी वापरणाऱ्याकडून वेगळी मागावी लागते, आणि छपाईचं जे पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार तुकडा, वापरलं होतं ते ती मागतच नव्हतं. ॲपची बांधणी करणारं साधन म्हणजे ग्रेडल, ते नवं घेतलं, तर 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड' अशी लाल ओळ आली आणि बिल्ड, म्हणजे बांधणी, तिथंच आडवं. अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइननं आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, प्रत्येक पॅकेजनं आपला नेमस्पेस, म्हणजे वेगळं ओळखायचं नाव, स्वतः लिहावा अशी सक्ती केली. छपाईच्या त्या पॅकेजचा कर्ता त्याच्या आधीच कामाला कंटाळून निघून गेला होता. शेवटची दुरुस्ती जुनी, खाली जगभरातल्या लोकांच्या तक्रारींची रांग, उत्तर एकालाही नाही.

यात गूगलनं फ्लटरला काय केलं? काहीच नाही. फ्लटर जिवंत, डार्ट जिवंत, आणि तरी पावती बंद. ॲपचा जीव फ्रेमवर्कच्या आतल्या खोलीत नसतो. तो त्याला चिकटवलेल्या पंधरा-वीस पॅकेजांत वाटलेला असतो, आणि त्यातली निम्मी कुठल्यातरी देशातला एकेक माणूस रात्रीच्या वेळात फुकट सांभाळत असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या लहानशा साधनात घुसवलेली चोरवाट उघड झाली, तिची गोष्टही अशाच एका थकलेल्या, एकट्या सांभाळकर्त्यापासून सुरू होते. आपण मात्र चिंता करतो ती सुंदर पिचाई काय म्हणाले याची.

पिग्मीच्या ॲपची दुरुस्ती तशी किरकोळ होती. पॅकेजची प्रत काढायची, तिच्या ग्रेडल फाइलमध्ये नेमस्पेसची एक ओळ घालायची, परवानगीचा तुकडा जोडायचा, आणि ॲपला सांगायचं की आता ही आपली प्रत वापर. ओळी मोजल्या तर दोन डझनही भरणार नाहीत. पण त्या लिहायला जावा-कोटलिनची, म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ भाषांची, बाजू समजणारा माणूस लागतो. क्लासमध्ये शिकवतात ते वरचं बटण, रंग, स्क्रीन; खालचं यंत्र कुणी उघडून दाखवत नाही. चार हजार रुपयांत झालं असतं ते काम संस्थेनं आधी दोघांना दाखवलं होतं, आणि दोघांनीही "हे ॲप जुनं झालं, नवीन बनवावं लागेल, लाखभर लागतील" असा सल्ला दिला होता. मला त्या दोघांच्या हेतूवर शंका नाही. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, एवढंच.

म्हणून 'खुलं आहे, काळजी नको' हे जे सांगितलं जातं, त्याच्याशीही माझं पटत नाही. झॅमरिन खुलंच होतं. परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही घ्या, काहीही करा. कुणी घेतलं? त्याच्या पोटातला मोनो हा प्रकल्प मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२४ मध्ये लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन बनवणाऱ्या संस्थेकडं सोपवला, कारण वाइनला त्याची गरज होती आणि सांभाळायची ताकदही. बाकीच्याला वाली मिळाला नाही. ज्यांची ॲप्स त्यावर होती ते माउईवर गेले किंवा फ्लटरवर आले. आणि आता फ्लटरवरून कुठं जायचं ते विचारताहेत.

परवान्यानं मिळालेला हक्क आणि तो वापरायची ऐपत यातलं अंतर मराठवाड्याला शिकवायला नको. कपाशीचं पाकीट दरसाल विकत आणावंच लागतं, संकरित वाण असल्यामुळं घरची सरकी पेरून चालत नाही. सोयाबीनचं तसं नाही. ते स्वपरागित, घरचं बियाणं ठेवता येतं, कायदा आडवा येत नाही. तरी २०२० च्या खरिपात काय झालं? विकतचं बियाणं उगवलंच नाही, तक्रारींचा पाऊस पडला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून कृषी खातं घसा फोडून सांगतंय की घरचं बियाणं राखा, आणि पेरणीआधी उगवण चाचणी घ्या: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभरानं सोडायचं, सत्तर उगवले तर पेरायचं. घरचं बियाणं ठेवायचा हक्क सगळ्यांनाच होता. उपयोग त्यांनाच झाला, ज्यांच्या घरात कुणीतरी पोती आदळू न देता, थप्पी फार उंच न लावता ठेवली आणि मे महिन्यात ती चाचणी खरोखर घेतली. खुल्या फ्रेमवर्कचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आपल्या संगणकात उतरवून घेणं म्हणजे पोतं घरात आणणं. चाचणी घेणारा माणूस कुठं आहे?

तो माणूस कुठं मिळू शकतो याचं एक उदाहरण आहे आणि ते आपल्या पोरांच्या रोजच्या वापरातलंच आहे. कोडइग्नायटर. पीएचपी या संकेतस्थळं बनवायच्या भाषेचं हे फ्रेमवर्क २००६ मध्ये एलिसलॅब या कंपनीनं आणलं. आपल्याकडच्या लहान गावांत शाळेची, क्लासची, कृषी सेवा केंद्राची कितीतरी कामं त्यात झाली, अजून होतात; स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर चालतं, शिकायला सोपं. जुलै २०१३ मध्ये एलिसलॅबनं जाहीर केलं की आम्हाला हे सांभाळणं जमत नाही, नवा मालक शोधतोय. तेव्हाही अशीच घबराट उडाली. 'कोडइग्नायटर मेलं, लाराव्हेलकडं पळा' असे सल्ले सुरू झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते ज्यांनी पत्करलं ती कुठली मोठी कंपनी नव्हती. ते कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी होतं, म्हणजे पोरांना हाताला काम शिकवणारी एक शिक्षणसंस्था. तिथल्याच एका प्राध्यापकानं, जिम पॅरी यांनी, त्याची धुरा वाहिली. मार्च २०१५ मध्ये तिसरी आवृत्ती आली, परवाना एमआयटी झाला. पॅरी २०२० च्या जानेवारीत वारले. चौथी आवृत्ती पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत निघाली. आज ते एका स्वतंत्र फाउंडेशनकडं आहे.

ही गोष्ट गुळगुळीत नाही. चौथी आवृत्ती पुन्हा नव्यानं लिहिलेली, तिसरीतलं काम तिच्यात थेट चालत नाही. त्यामुळं तिसऱ्या आवृत्तीवरची हजारो संकेतस्थळं तिथंच राहिली. होस्टिंगवाल्यानं पीएचपी ८.२ केलं की क्लासच्या फीच्या पावतीवर पोराच्या नावाच्या वर 'डायनॅमिक प्रॉपर्टी इज डेप्रिकेटेड' अशा इशाऱ्यांची चळत छापून येते आणि पालक विचारतात, ही काय शिक्षा लावली? तरीही सात-आठ वर्षांची मुदत त्या संस्थेनं जगाला मिळवून दिली. माणसांना शांतपणे पुढं सरकायला तेवढी पुरते.

मग मी विचारतो, नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी १९८१ पासून आहे, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. दोन्ही स्वायत्त, अभ्यासक्रम स्वतः ठरवतात. त्यांनी अख्खं फ्लटर दत्तक घ्यावं असं कुणी म्हणत नाही. पण ब्लूटूथ छपाईचं ते एक पॅकेज? मराठी आकड्यांची, अक्षरी रकमेची एक लायब्ररी? शेवटच्या वर्षाला दरसाल तेच ते प्रकल्प होतात: ग्रंथालय व्यवस्थापन, चेहरा बघून हजेरी, पिकावरचा रोग ओळखणं. काळ्या बांधणीत सोनेरी अक्षरं, तोंडी परीक्षा, आणि मग कपाट. त्यातले काही तर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी तयारच मिळतात, हे परीक्षकालाही माहीत असतं. त्याऐवजी चार पोरांच्या गटानं एक अनाथ पॅकेज वर्षभर सांभाळलं, आलेल्या तक्रारी सोडवल्या, दर महिन्याला आवृत्ती काढली, तर त्याला गुण का नसावेत? असल्या कामाची नोंद सगळ्या जगासमोर असते. त्यात नक्कल करता येत नाही. आणि पुढच्या वर्षीच्या गटाला ते चालवायला द्यायचं असतं, त्यामुळं लिहून ठेवायचीही सवय लागते. आपल्या पोरांना मुलाखतीत विचारतात, 'ओपन सोर्समध्ये काय केलंय?' तेव्हा ती गप्प बसतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे. कुणी करायला लावलेलं नसतं.

यावर कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, सरळ नेटिव्ह, म्हणजे त्या त्या मोबाइलच्या मूळ भाषेत, लिहा. अँड्रॉइड गूगलचंच, ते थोडंच मरणार. बरोबर, पण नेटिव्हवालाही शांत झोपलेला नाही. २०१८ मध्ये सपोर्ट लायब्ररी सोडून अँड्रॉइडएक्सवर जावं लागलं, २०१९ मध्ये गूगल म्हणालं आता कोटलिन आधी, २०२० मध्ये ज्याच्यावर अर्धी पुस्तकं लिहिली गेली तो एसिंकटास्क (ॲपच्या मागं काम चालवायची सोय) बाद ठरला. आणि आयफोनसाठी दुसऱ्यांदा सगळं लिहायचं. तालुक्याच्या पतसंस्थेला दोन भाषांतल्या दोन ॲप्सचा खर्च सांगा, ती वही-पेन परत काढेल.

त्याहून नेमकी सूचना म्हणजे मुळात ॲप हवंच का, हे विचारणं. बाजार समितीचे रोजचे भाव, नगरपरिषदेच्या पाण्याच्या पाळ्या, कॉलेजची नोटीस: यातल्या एकालाही ॲपची गरज नाही. साधं वेबपान पुरतं, ते कुठल्याही मोबाइलवर उघडतं आणि त्याला दर ऑगस्टला प्लेच्या दारात उभं राहावं लागत नाही. मी तर म्हणतो, आपल्याकडची निम्मी ॲप्स उद्घाटनाच्या फोटोसाठी बनतात. कळ दाबताना साहेब, मागं फलक. सहा महिन्यांनी तेच ॲप उघडून बघा, शेवटची नोंद उद्घाटनाच्या आठवड्यातली असते.

पण पिग्मी, दूध संकलन, शेतात नेटवर्क नसताना भरायची पाहणी, अशी कामं राहतातच, जिथं ॲप लागतं. तिथं फ्रेमवर्क कुठलं यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती मोंढ्यात शिकायला मिळते. फॉक्सप्रो हे नोंदी-हिशोबाचे प्रोग्रॅम लिहायचं साधन मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये घेतलं, २००७ मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असं सांगितलं, जगभरच्या लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या, उपयोग झाला नाही. २०१५ च्या जानेवारीत आधार संपला. त्याला दहा वर्षं उलटली. तरी एखाद्या जुन्या आडतीत अजून काळ्या पडद्यावर शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघते: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम, आणि डॉट मॅट्रिक्सचा करकर आवाज. ते सॉफ्टवेअर लिहिणारा केव्हाच निवृत्त झालाय. पण त्या आडतीला मी अडचणीत म्हणणार नाही, कारण तिचा सगळा हिशोब डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या तक्त्यांच्या, फाइलींत आहे आणि डीबीएफ आजही लिबरऑफिससुद्धा उघडतं. उद्या तो संगणक बसला तरी वीस वर्षांची खाती नव्या कशातही घेता येतात. अडचण निघते ती नावांची. शेतकऱ्यांची नावं मराठीत टंकायची म्हणून तेव्हाचा एखादा जुना फॉन्ट वापरलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावाच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. आकडे वाचले, माणसं हरवली. युनिकोडमध्ये फिरवायचे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरांत गफलत होतेच, मग मुनीम बसून एकेक नाव दुरुस्त करतो.

उलट गेल्या दहा वर्षांतली चकचकीत ॲप्स बघा. माहिती कुठल्यातरी क्लाउडवर, खातं विक्रेत्याच्या नावानं, बाहेर काढायची सोय नाही. फ्रेमवर्क नवं, माहिती कैदेत. यातलं मरायला कोण आधी टेकलंय?

आता सार्वजनिक पैशाकडं येतो, कारण हा प्रश्न खाजगी गिऱ्हाइकापुरता असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच धोरण काढलं की सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं. चांगलंच आहे. पण जिल्हा परिषद, नगरपरिषद, बाजार समिती या पातळीवरची निविदा अजून ॲप 'खरेदी' करते, जशी खुर्च्या खरेदी करतात: एकदा आणलं, नोंदवहीत चढवलं, बिल निघालं. सोर्स कोड कुणाकडं? विक्रेत्याकडं. प्लेवरचं खातं कुणाच्या नावावर? विक्रेत्याच्या. ॲपवर सही करायची किल्ली, म्हणजे नवी आवृत्ती मूळ मालकाचीच हे प्लेला पटवणारी खूण? विक्रेत्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, आणि तो लॅपटॉप त्यानं विकला. मग फ्लटर शंभर वर्षं जगलं तरी त्या कार्यालयाचं ॲप पुढच्या ऑगस्टला गोठणार आणि नवीन निविदा निघणार. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. हा पैसा गूगलच्या कपातीनं जात नाही. तो आपल्याच टिपणीतून जातो.

निविदेत चार वाक्यं घालायला कुठला शासन निर्णय आडवा येत नाही. सोर्स, किल्ली आणि प्लेचं खातं कार्यालयाच्या नावावर असेल. माहिती केव्हाही उघड्या स्वरूपात काढून मिळेल. वापरलेल्या पॅकेजांची यादी आणि प्रत्येकाची शेवटची आवृत्ती केव्हा आली हे दरवर्षी लेखी द्यावं लागेल. आणि पाच वर्षांची देखभाल, त्यात प्लेच्या दरवर्षीच्या पायरीसह, मूळ किमतीत धरलेली नसून वेगळी, दरवर्षी देय असेल. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्याशिवाय पहिली तीन कागदावरच राहतात.

इथं विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे, मीही त्यातलाच आहे. सगळ्यांत कमी दराला काम मिळतं, म्हणून सगळे देखभाल शून्य धरून दर टाकतात. जो प्रामाणिकपणे धरतो तो पहिल्या फेरीत बाहेर. मग काम मिळालेला पहिल्या वर्षी पळतो. हे टाळायचं तर देखभालीचा दर तुलनेबाहेर, ठरावीक ठेवावा लागेल. कठीण नाही, रस्त्याच्या कामात दोषदायित्व कालावधी असतोच, त्यात ठेकेदाराची अनामत अडकवून ठेवतात.

आणि "आपल्याकडं गिऱ्हाईक देखभालीला पैसे देत नाही" हे मला मान्य नाही. मोंढ्यातला व्यापारी टॅलीचं रिन्युअल कुरकुरत का होईना भरतो. वाळूजमधला दहा कामगारांचा लहान वेंडर सीएनसी मशीनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, भरतो, कारण मशीन बसलं तर मोठ्या कंपनीचा माल वेळेत जात नाही हे त्याला ठाऊक असतं. आपणच त्याला कधी सांगितलेलं नसतं की ॲपही बसतं, आणि साधारण केव्हा बसेल. दर ऑगस्टला येणारी तारीख गूगल काही महिने आधी जाहीर करतं. ती गिऱ्हाइकाला जानेवारीत लेखी कळवली तर त्याला धक्का बसत नाही. सप्टेंबरात कळवली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

क्लासमधल्या त्या पोराला मी फ्लटर सोड असं सांगत नाही. शिक, पण खालचं कोटलिन थोडं उघडून बघ, एखादं पॅकेज आतून वाच, आणि त्यातली एक तरी तक्रार सोडवून पाठव. फ्लटर गेलं तरी हे उपयोगी पडतं, झॅमरिनवाल्यांना पडलंच. जो फक्त स्क्रीन जोडायला शिकला त्याला रिॲक्ट नेटिव्हची बॅचही तारणार नाही; दोन वर्षांनी तो हाच प्रश्न घेऊन तिसऱ्या क्लासच्या पायऱ्या चढेल, आणि क्लासवाला त्याचं स्वागतच करेल.

माझ्यापुरतं म्हणाल तर दरपत्रकात देखभालीचा आकडा मी आता वेगळ्या ओळीत लिहितो. काही गिऱ्हाईकं ती ओळ बघून शेजारच्या गाळ्यात जातात. त्यातली काही दोन-तीन वर्षांनी बंद पडलेलं ॲप घेऊन परत येतात. तेव्हा मी भावावर बोलत नाही. आधी विचारतो, सोर्स आहे का तुमच्याकडं?